दीक्षितपुऱ्यातले अदृश्य कोटी

जुन्या जबलपुरात, सराफा आणि कोतवालीच्या परिसरात दीक्षितपुरा नावाचा मोहल्ला आहे. तिथल्या एखाद्या मराठी घरात गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका हमखास भेटतील. त्यांना विचारा, ‘काका, गाठीला काय आहे?’ ते म्हणतील, ‘आमच्याकडे कुठला आलाय पैसा! पेन्शनीवर चाललंय बघा.’ ते खोटं बोलत नसतात. पासबुकात दोन-चार लाखांच्या वर आकडा गेलेला त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो.

आणि तरीही त्यांच्या नावावर एक कोटी वीस लाख रुपये आहेत. हिशेब साधा आहे.

समजा काकांना महागाई भत्ता धरून महिन्याला ४०,००० रुपये पेन्शन मिळते. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. महागाई वाढली की वर्षातून दोनदा भत्ता वाढतो, त्यामुळे या चाळीस हजारांत आज जेवढा किराणा येतो साधारण तेवढाच दहा वर्षांनीही येईल. आता ज्याला पेन्शन नाही अशा माणसाला हीच मिळकत स्वतःच्या पुंजीतून काढायची आहे असं धरा. त्याच्या पुंजीवर मिळणारं व्याज महागाईइतकंच असलं, तर ते सगळं व्याज महागाईच खाणार आणि घरखर्च मुद्दलातून होणार. साठीपासून पंच्याऐंशीपर्यंत पंचवीस वर्षं पुरायचं म्हणजे ४ लाख ८० हजार गुणिले २५. बरोबर १ कोटी २० लाख.

काका शंभरी गाठतील तर? केंद्र सरकारच्या निवृत्तांची मूळ पेन्शन ऐंशीव्या वर्षी २० टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभराव्या वर्षी ती दुप्पट होते. काकांच्या मागे काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. विमा कंपन्या ठरावीक रकमेची वर्षासनं विकतात, दरसाल ठरावीक टक्क्यांनी वाढणारीही विकतात; पण महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं, माणूस जगेल तितकं पुरणारं आणि म्हातारपणी वाढत जाणारं वर्षासन त्यांच्या काउंटरवर सहजी मिळत नाही. काकांच्या हाती बाजारात न मिळणारी वस्तू आहे.

ही वस्तू या शहरात इतकी घरोघर का, याचं उत्तर जबलपूरच्या घडणीत आहे. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. मराठी माणसं कारभारासाठी, वकिलीसाठी, शिक्षकीसाठी येत राहिली आणि राहून गेली. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. जोडीला रेल्वे, तारखात्याचा वर्कशॉप, वीज मंडळाचं मुख्यालय, १९५६ पासून मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय. पगार पहिल्या तारखेला, फंड पगारातूनच कापलेला, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. घरातल्या कुणी ‘गुंतवणूक’ हा शब्द न उच्चारताही त्या घरासाठी कुणीतरी दर महिन्याला गुंतवणूक करत होतं.

किती चोख, तेही पाहा. १९८६ पासून २००० पर्यंत भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे जीपीएफवर, १२ टक्के व्याज मिळत होतं. हातात पडण्याआधीच कापलेले पैसे, बारा टक्के व्याज, आणि मुलीच्या लग्नाखेरीज किंवा घराखेरीज त्याला हात लावायचा नाही असा घरचा दंडक. आज मोठमोठे सल्लागार शिस्तीवर तासभर बोलतात, ती ही शिस्त होती. काकांना ती कधी शिकावी लागली नाही.

१ जानेवारी २००४ रोजी हे बदललं. त्या तारखेपासून केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांना, सैन्यदलं सोडून, जुनी पेन्शन नाही. मध्य प्रदेश सरकारने तोच बदल १ जानेवारी २००५ पासून केला. आता राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस. कर्मचाऱ्याचे पगाराच्या दहा टक्के, केंद्र सरकारचे आधी दहा आणि एप्रिल २०१९ पासून चौदा. जमेल ते तुमचं, आणि किती जमेल ते बाजार ठरवणार. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय मिळाला. त्यात पंचवीस वर्षं नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनीची हमी आहे. पण त्याच मोहल्ल्यातला जो मुलगा पुण्यात किंवा बंगळुरात खासगी कंपनीत आहे, जी सून खासगी शाळेत शिकवते, त्यांना अशी हमी कुणाचीच नाही. जो हिशेब काकांसाठी सरकार करत होतं तो त्यांनी स्वतः करायचा आहे, आणि बहुतेकांना तो करायचा आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

तो हिशेब ज्या तत्त्वावर चालतो ते फार जुनं आहे, आणि मला अजूनही ते थक्क करतं.

इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने ‘आर्यभटीया’त एक गणित घातलं. मुद्दलावर महिन्याचं काही व्याज आलं. ते व्याजच त्याच दराने काही काळ पुन्हा लावलं. सगळं मिळून इतकं झालं, तर दर काय? व्याजावर व्याज ही कल्पना त्याच्या काळी इतकी रुळलेली होती की तिच्यावर त्याने वर्गसमीकरण रचलं. पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विचारलं की शंभराला महिन्याला पाच व्याज असेल तर सोळाला वर्षाचं किती? उत्तर येतं नऊ पूर्णांक तीन पंचमांश. दर लक्षात घ्या. महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला साठ टक्के. आज क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के आणि वर लागतात. बाराव्या शतकातल्या पुस्तकी सावकाराच्या फार मागे आपण आलेलो नाही.

चक्रवाढीची खरी गंमत उशिरा कळते. शंभर रुपये दहा टक्क्यांनी ठेवा. पहिल्या वर्षी दहा रुपये, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी बारा रुपये दहा पैसे. यात काही चमत्कार दिसत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं दिसत नाही. पण सव्विसाव्या वर्षी त्या एका वर्षाचं व्याज १०८ रुपये होतं. मूळ ठेवलेल्या शंभरापेक्षा जास्त, एकाच वर्षात! तिसाव्या वर्षी ते १५९ च्या घरात जातं. म्हणजे पहिली दहा वर्षं जी ठेव कंटाळवाणी वाटली, म्हणून मोडावीशी वाटली, तीच शेवटच्या दहा वर्षांत घर चालवायला पुरेल इतकी होते. एवढं समजलं की पैसे कधी गुंतवावेत, याचा वाद संपतो. उशीर करणाऱ्याची पहिली वर्षं जात नाहीत, शेवटची जातात.

आता ७२ या आकड्याची ओळख करून देतो. व्याजदराने ७२ ला भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते निघतं. आठ टक्क्यांनी नऊ वर्षं, बारा टक्क्यांनी सहा. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या लुका पाचोली या इटालियन संन्याशाच्या ग्रंथात हा नियम आहे, सिद्धता न देता. काटेकोर गणिताने तिथे ६९.३ यायला हवेत, कारण दोनच्या नैसर्गिक लॉगरिथमची किंमत ०.६९३ आहे. पण ६९.३ ला तोंडी भागणार कोण? ७२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा या साऱ्यांनी भाग जातो, आणि वर्षातून एकदा व्याज जमा होत असेल तर सहा ते बारा टक्क्यांच्या पट्ट्यात उत्तर जवळजवळ बिनचूक येतं.

याचा पडताळा पोस्टातच पडलेला आहे. किसान विकास पत्र १ एप्रिल १९८८ ला सुरू झालं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. ७२ भागिले साडेपाच, तेरा टक्क्यांच्या वर. २००३ मध्ये दुप्पट व्हायला आठ वर्षं सात महिने लागू लागले; भागाकार करा, ८.४ टक्के. २०११ मध्ये योजना बंद झाली, २०१४ मध्ये परत आली ती १०० महिन्यांची, दर ८.७. आणि एप्रिल २०२३ पासून दर साडेसात टक्के, मुदत ११५ महिने. ७२ भागिले ७.५ केलं की ९.६ वर्षं येतात. त्याचे महिने करा: ११५.२. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन संन्याशाचा तोंडी हिशेब आणि भारत सरकारचं राजपत्र यांत पाच-सहा दिवसांचा फरक! पोस्टाच्या खिडकीवर लावलेला तो फलक मी पहिल्यांदा असा वाचला तेव्हा मागच्या माणसाने ‘भैया, आगे बढ़ो’ म्हणेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

त्या फलकात एक वाईट बातमीही आहे. १९८८ च्या दराने पाव शतकात पैसे साडेचार वेळा दुप्पट झाले असते. आजच्या दराने अडीच वेळा. साडेचार दुपटी म्हणजे बावीस-तेवीस पट, अडीच दुपटी म्हणजे सहा पटीच्या आसपास. आजोबांनी पोस्टावर विसंबून जे साधलं ते नातवाला फक्त पोस्टावर साधणार नाही. यात पोस्टाचा दोष नाही. त्या काळी महागाईही जास्त होती, आणि ती फलकावर कुणी लिहिलेली नव्हती.

कारण ७२ चा नियम उलटाही चालतो. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची ताकद निम्मी होते, चोवीस वर्षांत चौथाई. बँकेतली साडेसहा टक्क्यांची ठेव कर भरून पाचच्या आसपास उरते आणि दर वर्षी थोडी थोडी झिजते, पासबुकातला आकडा वाढत असताना. ‘पैसे सुरक्षित आहेत’ हे वाक्य आपल्या घरांतून फार बोललं जातं. रुपये सुरक्षित असतात, त्यांत येणारं तूप नसतं.

म्हणून शेअर बाजाराकडे वळावं लागतं, आणि इथे जुन्या मराठी घरांत आवाज खाली जातो. १९९२ चा शेअर घोटाळा आठवतो. ‘युनिट ६४’ आठवतं: १९६४ पासून सरकारी ठेवीसारखं मानलेलं, आणि जुलै २००१ मध्ये ज्याची खरेदी-विक्री एकाएकी थांबली. भीती खोटी नव्हती. पण आकडे शांतपणे पाहायला हवेत. सेन्सेक्सचं मूळ वर्ष १९७८-७९, तेव्हा तो १०० मानला. जुलै १९९० मध्ये तो १,००० झाला, जुलै २०२४ मध्ये ८०,०००. पंचेचाळीस वर्षांत आठशे पट, म्हणजे दरसाल साधारण सोळा टक्के, लाभांश न धरता. तीस कंपन्यांची यादी, तीही वेळोवेळी बदललेली, आणि देशातल्या कारखान्यांच्या, बँकांच्या, दुकानांच्या वाढीतला वाटा घरात बसून मिळाला.

मात्र हा सोळाचा आकडा दाखवून कुणी फॉर्म भरून घ्यायला आला, तर त्याला थांबवा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वर होता. त्याच ऑक्टोबरात तो आठ हजारांच्या खाली गेला. ऐन शिखरावर पैसे घातलेल्याला पुन्हा त्या पातळीच्या वर नीट स्थिरावलेला बाजार पाहायला २०१३ ची अखेर उजाडली, आणि २०२४ पर्यंत थांबल्यावर त्याचा दर पडला वर्षाला सुमारे साडेआठ टक्के. हे भाकित म्हणून धरू नका, पण तयारी म्हणून धरा: सर्वांत वाईट मुहूर्त, मध्ये साठ टक्क्यांची पडझड, आणि सोळा वर्षं न विकता बसण्याची छाती. ज्याचे पैसे तीन वर्षांत मुलीच्या फीसाठी लागणार आहेत त्याने बाजारात जाऊ नये. ज्याचे वीस वर्षांनी लागणार आहेत त्याने बाजाराबाहेर राहू नये. बाकीची सगळी चर्चा या दोन वाक्यांच्या मधली आहे.

सराफ्याचा शेजार असल्यावर सोन्याचं काय, हे विचारलं जाणारच. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने सुवर्णरोख्यांची पहिली मालिका २,६८४ रुपये ग्रॅमने काढली, आठ वर्षांनी ६,१३२ ने परतफेड केली. जवळजवळ अकरा टक्के, वर व्याज वेगळं. उत्तम. पण २०१२ ते २०१८ सोनं जवळपास जागीच उभं होतं, हेही लक्षात असावं. दहा-पंधरा टक्के पुंजी सोन्यात असावी, आणि दागिन्यांना त्यात मोजू नये असं माझं मत आहे. दागिने मोडायला घरात कुणाचा जीव होत नाही.

आता पुन्हा त्या अदृश्य १ कोटी २० लाखांकडे. तिशीतल्या जोडप्याने महिन्याला ५,००० रुपये, दहा टक्के परताव्याने, तीस वर्षं घातले तर १ कोटी १३ लाख होतात. खिशातून गेलेले असतात अवघे १८ लाख. चाळिशीला सुरू केलं आणि वीसच वर्षं मिळाली तर ३८ लाख. दहा वर्षांच्या उशिराची किंमत ७५ लाख, वाचवलेले हप्ते मात्र सहा लाखांचे.

गुंतवणुकीची जाहिरात इथे थांबते. आपण पुढे जाऊ. तीस वर्षं सहा टक्के महागाई राहिली तर त्या १ कोटी १३ लाखांत आजचे वीस लाखही येत नाहीत. काकांच्या पेन्शनीचा सहावा हिस्सा! मग? हप्ता दरसाल सहा टक्क्यांनी वाढवत नेला, पगार वाढतो तसा, तर रक्कम दोन कोटींच्या जवळ जाते, आजचे साडेचौतीस लाख. आणि काकांच्या पूर्ण १ कोटी २० लाखांची बरोबरी करायची तर सुरुवातच १७,४०० रुपयांपासून करावी लागेल आणि दरसाल सहा टक्के वाढवावी लागेल. तीस वर्षांनी खात्यावर सहा कोटी ८९ लाख दिसतील, त्यांची आजची किंमत १ कोटी २० लाख.

हा १७,४०० चा आकडा पाहून मला कितीतरी वेळ काही सुचलं नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ७२,००० असलेल्या एनपीएसच्या कर्मचाऱ्याचे दहा आणि सरकारचे चौदा, असे चोवीस टक्के काढा: १७,२८०. म्हणजे जुन्या पेन्शनीची खरी किंमत पगाराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतकी होती, आणि ती काकांच्या पगारपत्रकावर कधी छापलीच गेली नाही. खासगी नोकरीतल्या भाच्याचा पगार काकांना डोळे दिपवणारा वाटतो. त्यातून एक चतुर्थांश वजा करा आणि मग तुलना करा.

सतरा हजार सगळ्यांना जमणार नाहीत. पाच जमतील त्याने पाच घालावेत, प्रॉव्हिडंट फंडात जाणारे त्यात मोजावेत, आणि गळती थांबवावी. गळती कुठे असते? वर्षाला एक टक्का जास्त खर्च घेणाऱ्या योजनेत. दहाऐवजी नऊ टक्के पडले तर पाच हजारांच्या त्याच हप्त्याचे तीस वर्षांनी १ कोटी १३ लाखांऐवजी साडेएक्क्याण्णव लाख होतात. एका टक्क्याने साडेएकवीस लाख नेले, म्हणजे तुम्ही आयुष्यभरात घातलेल्या अठरा लाखांहून जास्त. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला कमिशनविरहित ‘डायरेक्ट’ योजना देणं बंधनकारक आहे. निर्देशांकाच्या मागे चालणारे इंडेक्स फंड तर फारच स्वस्त पडतात. सल्ला हवा असेल तर सल्ल्याची फी एकदा द्यावी. दर वर्षी, न दिसता, वाढत्या रकमेवर देऊ नये.

विम्याबद्दल माझं मत कडक आहे, पण आधी त्यातलं नवल. तुम्ही किंवा मी कधी जाणार, हे कुणी सांगू शकत नाही. पण तिशीतल्या लाखभर माणसांपैकी या वर्षी साधारण किती जातील, हे चांगलंच सांगता येतं. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून असं कोष्टक मांडलं आणि वर्षासनाची किंमत काढून दाखवली. एकट्याचं अज्ञान अनेकांत मिसळलं की ज्ञान होतं, त्यावर विमा उभा आहे. मग त्याचा तेवढाच उपयोग करा. घरात मिळवता माणूस असेल आणि त्याच्यावर कुणी अवलंबून असेल, तर त्याच्या वर्षाच्या मिळकतीच्या दहा-पंधरा पटीचा निव्वळ मुदतीचा विमा घ्यावा, ज्यात जगलात तर काही परत मिळत नाही. ‘काही परत मिळत नाही’ हेच आपल्या माणसांना सहन होत नाही, म्हणून परत मिळणारी पॉलिसी घेतली जाते. तिचा परतावा बहुधा पाच-सहा टक्के पडतो आणि संरक्षण इतकं तोकडं की घराला वर्षभरही पुरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढी सबबही आता उरली नाही.

आणि या सगळ्याच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जबलपूर हादरलं. ५.८ तीव्रतेचा भूकंप, सुमारे चाळीस माणसं गेली, जुन्या मोहल्ल्यांतल्या भिंतींना तडे गेले, किती कुटुंबं रस्त्यावर रात्री काढत होती. अशा वेळी लागणारा पैसा बाजारात नसावा, पंचवीस वर्षांच्या पॉलिसीत नसावा, कुणाला उसना दिलेला नसावा. तो साध्या बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा ठेवीत असावा आणि त्याने काही कमवावं ही अपेक्षाही नसावी.

ठेवीवरून आठवलं. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पालई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यानंतर देशात ठेवविमा आला. १९६२ मध्ये संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचं आहे, एका माणसाला एका बँकेत, व्याज धरून. सहकारी बँकांना ते लागू आहे. पतसंस्थांना नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, त्यामुळे हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून वाचून दाखवा.

फसव्या योजना ओळखायलाही तोच ७२ कामी येतो. ‘दोन वर्षांत दुप्पट’ म्हटलं की निदान छत्तीस टक्के. कोणता धंदा प्रामाणिकपणे, दरसाल, हमीने छत्तीस टक्के देतो? १९२० मध्ये बोस्टनला चार्ल्स पोंझीने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के कबूल केले होते. तो दर खरा असता तर हजार रुपयांचे वर्षभरात २६ हजारांहून जास्त आणि पाच वर्षांत तेराशे कोटींहून जास्त झाले असते. काही महिन्यांत सगळं कोसळलं. भागाकार करायला कुणी बसलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काका-काकूंना शेवटी एक विनंती. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जातात, आणि तिथे हजारो कोटी रुपये पडून आहेत, त्यांतले कित्येक अशा माणसांचे ज्यांच्या मुलांना खातं होतं हेच ठाऊक नव्हतं. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. जुन्या घरांनी एकदा आजोबांचं नाव घालून पाहावं. नोव्हेंबर २०२५ पासून एका बँकखात्याला चार जणांपर्यंत वारसनोंदणी करता येते. या रविवारी एक वही घ्या. कुठली खाती, कुठल्या पॉलिसी, पेन्शनीच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा क्रमांक, लॉकर कुठे, किल्ली कुठे, देणं कुणाचं, येणं कुणाकडून, सगळं सरळ मराठीत लिहा. वारसाचं नाव प्रत्येक ठिकाणी आहे ना ते तपासा. मग ती वही कुठे ठेवली आहे ते बायकोला, सुनेला, मुलीलाही सांगा, फक्त मुलाला नव्हे.